पलीकडच्या उतारावरचा बोअर

सुमनताई गेली त्या सकाळी माझा रिपोर्ट चांगला आला होता. क्रिएटिनिन अगदी नॉर्मल. लॅबच्या पायऱ्या उतरताना, वसईच्या बाजारातून ताईसाठी पापलेट घेऊन जावं, असं मनात म्हणतोय तोच बायकोचा फोन आला... "ताईंना हॉस्पिटलात नेलंय, लगेच या." पोचलो तोवर सगळं संपलं होतं. हृदयविकार. जुन्या ऑपरेशनचा याच्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली. पटलं मात्र नाही, अजूनही पटत नाही. कारण त्या ऑपरेशनपासून माझ्या थोरल्या बहिणीची एक किडनी माझ्या पोटात आहे.

ताई भूवैज्ञानिक होती. आमच्या गावी, वटारला, पानवेलींवर वडील मोरचूद फवारायचे, तेव्हा हा निळा रंग येतो कुठून, म्हणून त्यांना भंडावून सोडायची. 'तांब्यापासून' एवढ्या उत्तरावर तिचं भागलं नाही. शिकली, सरकारी खात्यात लागली आणि थेट चंद्रपूरकडच्या जंगलात तांबं शोधायला गेली. लग्नाचं वय झालेली मुलगी तंबूत राहते, म्हणून गावात कुजबुज. आईला काळजी एकच, "तिकडं पानी तरी बरं हाय ना गो?"

तिचा जीव जडला एका बुटक्या डोंगरावर. तिथे गुराख्यांना हिरवे दगड सापडत, म्हणजे खाली तांबं असल्याची खूण. कोणे एके काळी तिथे तांबं गाळलंही असावं. जुने खड्डे आणि भट्टीतली काळी मळी तिने आम्हाला फोटोत दाखवली होती. "हिरव्या रंगाला भुलायचं नाही," ती म्हणायची, "वर हिरवं आणि खाली ठणठणाट, असंच जास्त वेळा निघतं." तरी स्वतः भुललीच. खालचा दगड तपासायला मशीनने खोल पाडलेल्या पहिल्या बोअरमध्ये काही मिळालं नाही. दुसऱ्यात तांब्याच्या खनिजाचा, बोटाच्या जाडीचा, पितळेसारखा चमकणारा थर लागला. तिचं म्हणणं, हा पट्टा पलीकडे कललाय, या बाजूने कितीही खोल गेलो तरी हुकणारच. तिसरा बोअर पलीकडच्या उतारावरून घ्यायचा. सुट्टीत आली की जेवताना ताट तिरकं करून समजावायची, आमटी सांडेपर्यंत.

मंजुरी मिळाली, पलीकडे मशीन न्यायला कच्चा रस्ताही झाला, आणि त्याच हिवाळ्यात माझ्या दोन्ही किडन्यांनी राम म्हटला. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. ताईचीच चालेल असं निघालं. मी नको म्हणालो का? म्हणालो, पण तिला ऐकू जाऊ नये अशा आवाजात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती मलाच चिडवत होती, "नंदू, बोअरमधून दगडाची कांडी निघाली की आम्ही उभी कापतो. अर्धी लॅबला, अर्धी पेटीत. तुझं काय नवीन?"

त्यानंतर खात्याने तिला जंगलात पाठवलं नाही, मुंबईच्या ऑफिसात टेबल दिलं. तिच्या जागी दुसरे गृहस्थ जाईपर्यंत एक पावसाळा उलटला आणि पलीकडचा रस्ता वाहून गेला. त्यांनी तिसरा बोअर जुन्याच बाजूने घेतला. काही लागलं नाही, फाईल बंद. ताईचं बरोबर होतं की तीही हिरव्या रंगालाच फसली होती, हे आता कुणालाच कळायचं नाही. तिलाही कळलं नाही, आणि ते माझ्यामुळे.

तिने कधी एका शब्दाने ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर भांडून तरी मोकळा झालो असतो. रोज फक्त "पाणी प्यायलास का?" एकदा वैतागून म्हणालो, "ताई, माझी चौकशी करतेस की किडनीची?" "किडनीची," ती म्हणाली. "तू नुसता राखणदार."

तिच्या कपाटाखाली जंगलात घालायचे बूट आहेत, तिसऱ्या बोअरसाठी घेतलेले. दर दसऱ्यानंतर ती ते गॅलरीत उन्हात ठेवायची, तेल लावून पुसायची. एका वर्षी धीर करून विचारलं, "वाईट वाटतं का गं?" हातातलं फडकं न थांबवता म्हणाली, "डोंगर कुठे पळून जातोय? तू गेला असतास."

यंदा बूट मीच उन्हात ठेवले. बायको म्हणाली, देऊन टाका कुणाला तरी. मी ते घालून पाहिले... टाच आत जाईना. तिची किडनी माझ्या शरीराला कधी परकी वाटली नाही. बूट मात्र मला होत नाहीत.