पालीच्या टेम्पोचा आवाज

सन एक्क्याण्णव. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो. घोडबंदरकडून येणाऱ्या हायवेच्या कडेला माझी शेड होती. वर पत्रे, खाली गाडीखाली उतरायचा खड्डा, लोखंड घट्ट धरायचा एक जुना व्हाईस आणि हत्यारांची पेटी. शाळा माझी बीडकडे तिसरीपर्यंत झाली. लिहायला आजही वेळ लागतो. पण गाडी पुढून वाजते की मागून, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, आणि हे मी तेव्हाही छातीवर हात ठेवून सांगत होतो.

एका दुपारी पाली गावची एक बाई टेम्पो घेऊन आली. स्वतः चालवत. बाजूच्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्या कारखान्यातले गडी काम सोडून बघत उभे राहिले. टेम्पो तिच्या नवऱ्याचा. तो वारल्यावर ती समुद्राच्या वाळूवर गाडी शिकली आणि आता रोज सकाळी आपल्या आणि गावातल्या आणखी चार-पाच बायकांच्या मासळीच्या पाट्या भाईंदरच्या बाजारात नेत होती. एक-दोघी पुढे बसायच्या, बाकीच्या मागे पाट्यांजवळ.

"मिस्त्री, पुढं आवाज येतो," ती म्हणाली. "खड्ड्यात गेली की खट्. ब्रेक मारला की खट्. दोन गॅरेजवाल्यांनी बघितला. दोघांनी शॉकअप बदलले. आवाज हाय तसाच हाय."

"मग आता इकडे कशी आलात?"

"तिसरा कोण उरलाय?"

हे मला झोंबलं. पण मी उलट बोलायच्या आत तिने पुढचं सांगितलं. तिचा दीर म्हणत होता, बाईच्या हातात गाडी दिली की पुढचा भाग असाच खिळखिळा होणार. त्याने घोडबंदरचं एक गिऱ्हाईक ठरवून ठेवलं होतं. ते परवा सकाळी गाडी बघायला येणार होतं. हिने दिराला शब्द दिला होता: तोवर आवाज गेला तर गाडी माझ्याकडे राहील, नाही गेला तर मी स्वतः चावी काढून देईन.

"गाडी गेली तर?" मी विचारलं.

"मग पाटी डोक्यावर, आणि एसटीत कंडक्टरच्या शिव्या. वासाच्या बायकांना कोण घेतो?"

मी गाडी हायवेला फिरवून आणली. खड्डे मुद्दाम शोधले. आवाज नाही. परत आलो तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "बघा! गॅरेजात आली की सासूसमोर नवी सून बसते तशी गप्प बसते."

इथेच आधीचे दोघे चुकले असणार. रिकामी, धुतलेली गाडी त्यांच्यापुढे आली, आवाज काही त्यांना ऐकू आला नाही, आणि पुढून आवाज म्हणजे शॉकअप असं धरून त्यांनी ते बदलले. मी ठोकळ्यांच्या कारखान्यातल्या मुकादमाला हाक मारली. "भाऊ, थोडे ठोकळे उधार दे. गाडीत बसवायचेत."

"पिकनिकला नेतो काय?" तो हसला, पण त्याच्या गड्यांनी गाडी भरून दिली.

भरलेली गाडी शेडच्या दारातच बोलली. खट्.

बाई ओरडली, "तोच! तोच मेला!"

मग मी माझी सळई काढली. हाताएवढी लांब लोखंडी सळई. एक टोक सांध्यावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. आवाज हवेतून ऐकला की फसवतो, लोखंडातून ऐकला की फसवत नाही. चाकांपुढे लाकडाचे ठोकळे लावले, गड्यांना मागून गाडी हलकी हलकी ढकलायला सांगितली, बाईला म्हटलं, ब्रेक दाबा, सोडा. मी खड्ड्यात. स्टेअरिंगचे सांधे बघितले, गप्प. नवे शॉकअप बघितले, गप्प. उजवीकडचे पाटे गप्प. डावीकडच्या पाट्याच्या मागच्या टोकाला सळई लावली आणि दातावर कुणी हातोडी मारावी तसा खटका आला.

पाटे म्हणजे चाकावर गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या. त्यांच्या टोकाला डोळ्यासारखं भोक असतं, भोकात रबराचा बुश आणि बुशातून पिन. रबर चांगलं तर गाडी गप्प. मी तिथे बोट फिरवलं. तेल लागलं. वास घेतला. बोट फडक्याला पुसलं, परत फिरवलं, परत वास घेतला.

"बाई, पाट्या कधी पुढे ठेवता का?"

"पुढं आम्ही बसतो. पाट्या मागं."

"मग इथे पुढे खाली मासळीचा वास कशाला?"

ती चप्पल काढून खड्ड्यात उतरली. नाक लावलं. "हा मावऱ्याचा न्हाय," ती सावकाश म्हणाली. "हा होडीच्या तेलाचा हाय."

मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, काळीज कढवून जे तेल काढतात ते होडीच्या लाकडाला लावायची त्यांची पद्धत. लाकूड खाऱ्या पाण्यात टिकतं. ती म्हणाली, दीर दर रविवारी चर्चमधून आला की होडीबरोबर भावाच्या टेम्पोलाही खालून त्याच तेलाचा हात मारायचा. प्रेमाने. आवाज दोन-तीन दिवस बंद व्हायचा, म्हणून पुढच्या रविवारी जरा जास्तच लावायचा.

"उद्या त्यांना घेऊन या," मी म्हटलं.

"भांडाल?"

"काम दाखवीन."

रात्र व्हायच्या आत मी पाटा उतरवला. बुश बाहेर आला तो फुगलेला, बोटाने दाबला की भिजल्या पावासारखा तुटत होता. वर समुद्राची वाळू त्या तेलाला चिकटून आत गेलेली, तिने पिनही घासली होती. दुसऱ्या बाजूचाही काढला. तोही त्याच वाटेवर होता.

दुसऱ्या दिवशी दीर आला. उन्हाने काळा पडलेला, सडपातळ, माझ्याइतकाच हेकट. मी सडका बुश त्याच्या तळहातावर ठेवला आणि तेलाचं सांगितलं.

"मिस्त्री, माझी होडी बापापास्नं ह्याच तेलावर हाय."

"होडीत रबर कुठे आहे?"

त्याने विचार केला. खरंच केला. "न्हाय."

"मग?"

"पण आवाज बंद व्हायचा!"

"भिजला की बंद व्हायचा. मग मऊ पडला की आणखी वाजायचा. मग तुम्ही आणखी तेल."

त्याने बुश चुरडला, वास घेतला, पुन्हा चुरडला. भावजयीकडे बघितलं नाही. तिनेही तोंड दुसरीकडे केलं होतं. माझ्या तोंडाशी आणखी चार शब्द आले होते, पण ते मी गिळले. त्याचा हात तेवढ्यात पाट्याच्या गंजावरून फिरत होता, जसा जनावराच्या पाठीवरून फिरवतात.

नवे बुश आणि पिना मी भाईंदरच्या गुजराती दुकानदाराकडून आणल्या होत्या. बुश व्हाईसमध्ये धरून आत दाबायला घेतला. जाईना. दीर पटकन म्हणाला, "जरा तेल लावा की, सटकन जाईल."

मी त्याच्याकडे बघितलं. बाईनेही बघितलं. आणि ती हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मग तोही कसनुसा हसला.

"साबणाचं पाणी," मी म्हटलं. "वाळलं की संपलं. रबराला काही होत नाही." तिने स्वतः साबण कालवला. बुश सरकला.

पाटा चढवला, पण नट ढिलेच ठेवले. इथे पुष्कळ लोक चुकतात. गाडी वर टांगलेली असताना नट आवळले की खाली उतरल्यावर रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. गाडी चाकांवर उतरवली आणि दिराला म्हटलं, "पुढे बसा."

"मी कशाला?"

"वजन पाहिजे."

"माझं काय वजन?"

"जेवढं असेल तेवढं," बाई म्हणाली आणि स्वतः त्याच्या शेजारी बसली. मागे पुन्हा ठोकळे. तेव्हा कुठे मी खाली उतरून नट आवळले.

ठोकळे उतरवून गाडी उत्तनच्या रस्त्याला नेऊन आणली. खटका नाही. मला वाटलं, झालं. पण दीर मान हलवत म्हणाला, "आज रिकामी हाय. उद्या मावरं भरल्यावर बघू. गिऱ्हाईक पण तवाच येतंय." त्याचं चूक नव्हतं. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी उत्तनची पहिली बस धरली, पालीपर्यंत चालत गेलो आणि मागे बायकांच्या पाट्यांमध्ये जाऊन बसलो. ओल्या ताडपत्रीवर, तळहात गाडीच्या पत्र्याला टेकवून.

"अगं, ह्यो बी इकायला काढला काय?" एकीने विचारलं.

"कोण घेतंय? काटेच हायत नुसते," दुसरी म्हणाली.

"गप्प बसा, मला ऐकू द्या," मी म्हटलं. त्यावर आणखी हसल्या.

दीर पुढे बसला. गाडी अरुंद गल्लीतून निघाली. पहिला खड्डा गेला. दुसरा, खोल, तोही गेला. पाण्याचा सप् सप् आणि बायकांची कटकट, एवढंच. चर्चच्या उतारावर बाईने मुद्दाम ब्रेक मारला. पाट्या सरकल्या, एकजण माझ्या मांडीवर आली, शिव्या झाल्या. पत्र्यातून माझ्या हाताला काही आलं नाही.

वळणावर घोडबंदरचं गिऱ्हाईक स्कूटर लावून उभं होतं. त्याने हात केला. बाईने गाडी थांबवली. चावीवर तिचा हात होता, पण ती काढत नव्हती. दिराकडे बघत होती.

"हीच काय गाडी?" गिऱ्हाईकाने वाकून विचारलं.

दिराने पुढे रस्त्याकडे बघितलं, मग तिच्या हाताकडे. "हीच," तो म्हणाला. "इकायची न्हाय."

"अहो, तुम्हीच बोलावलंत ना?"

"बोलावलं. आता न्हाय बोलवत."

गिऱ्हाईक आणखी काही विचारायला पुढे आलं. मी मागून बाजूच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली, जोरात, आणि बाईने गिअर टाकला.