ही जागा कोणाची?

कुठेही बसायच्या आधी कुसुमताई विचारायच्या, "ही जागा कोणाची हो?" देवळात सतरंजीवर, डॉक्टरकडे, कोणाच्या घरी हळदीकुंकवाला, सगळीकडे. "कोणाची नाही, बसा," असं कोणी म्हटलं की ऐसपैस बसायच्या आणि मग काही झालं तरी उठायच्या नाहीत.

कुसुमताई म्हणजे माझ्या सुनेची, मुग्धाची, आई. माझ्या विहीणबाई. सहा महिन्यांसाठी नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत, अर्विंगला आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी जेवणाच्या टेबलाशी उभं राहून त्यांनी हेच विचारलं. मुग्धा हसली. "आई, तू काय थिएटरमध्ये आलीस का?"

"तिथं तिकिटावर नंबर तरी असते," त्या म्हणाल्या.

टेबलाला चार खुर्च्या होत्या. माझा मुलगा प्रसाद, मुग्धा आणि दोन नातवंडं यांच्या. मी ओट्यापाशी उंच स्टुलावर जेवत असे, पाय लोंबकळत. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजमधून घडीच्या खुर्च्या ओढत आणल्या. एक स्वतःसाठी, एक माझ्यासाठी.

मी बोलणारी बाई नाही. चौथीनंतर शाळा सुटली, आणि चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की अजून जिवावर येतं. त्यामुळे या बाईकडे मी आधी घाबरून आणि मग कौतुकानं बघत असे. गाडीत आम्हा म्हाताऱ्यांची जागा अगदी मागची, वाकून आत शिरायची. कुसुमताई मधल्या सीटपाशी थांबल्या. "ही जागा कोणाची?"

"माइन, आजी," आमची नात अन्वी म्हणाली.

"तुझे गुडघे किती वर्षांचे?"

"इलेव्हन."

"माझे अडुसष्टचे. चल, हो मागं."

अन्वी खिदळत मागे गेली. त्या दिवसापासून मागची सीट पोरांची झाली. इतकं सोपं होतं ते. मी नऊ वर्षं वाकत होते.

या सवयीचं कारण त्यांनी एकदा सांगितलं. लग्न होऊन मोठ्या घरात आल्या, तेव्हा जेवायला बसल्या की कोणीतरी यायचं आणि सासूबाई म्हणायच्या, ऊठ. "विचारून बसलं ना विहीणबाई, की कोणी उठवत नाही." पुढे नवरा लवकर गेला. शिलाई मशीनवर तीस वर्षं बसून त्यांनी मुग्धाला इंजिनिअर केलं. पाठ कायमची धरली ती तेव्हापासून.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्यांनी युरोपला जायचं ठरलं होतं. त्यासाठी कुसुमताई इकडे येण्याआधीच मुंबईला जाऊन, बोटांचे ठसे देऊन युरोपचा व्हिसा घेऊन आल्या होत्या. नवे बूट आणले होते. ते घालून रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये फेऱ्या मारायच्या, पायांना सवय व्हावी म्हणून.

एका रविवारी प्रसाद लॅपटॉप घेऊन बसला. मुलांना रात्रीच्या ट्रेनचा एक्स्पीरियन्स द्यायचा होता, व्हिएन्नाहून व्हेनिसपर्यंत. आम्ही दोघी मेथी निवडत होतो.

"चार बर्थची केबिन मिळतेय. आपण चौघं. परफेक्ट," प्रसाद म्हणाला.

"आणि आई लोक?" मुग्धानं विचारलं.

"त्यांना सीट्स घेऊ. एका रात्रीचा तर प्रश्न आहे यार. ॲडजस्ट होईल."

ॲडजस्ट हा शब्द या घरात मी पुष्कळ ऐकला आहे. तो दर वेळी आम्हीच करायचा असतो.

कुसुमताईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "जावईबापू, आमची जागा कोणती?"

"त्याच ट्रेनमध्ये, आई. फक्त डबा वेगळा."

"बसायची नाही विचारून राहिली मी. झोपायची कोणती?"

"आई, प्लीज," मुग्धा म्हणाली. "कशाला सीन करतेस?"

"तीस वर्षं बसली मी बाई, मशीनवर. बसणं झालं माझं. आता युरोपात जाऊनही रात्रभर बसूच काय?"

अन्वीनं बापाच्या खांद्यावरून वाकून बोट दाखवलं. "डॅड, लुक. लेडीज ओन्ली केबिन. बर्थ्स आहेत."

"बेटा, त्यांना इंग्लिश येत नाही. अनोळखी बायकांबरोबर त्या काय करणार?"

"झोपणार," कुसुमताई म्हणाल्या. "झोपायला इंग्लिश लागते काय?"

अन्वी एकटीच हसली. प्रसादनं लॅपटॉप मिटला. "नंतर बघू."

नंतर बघितलं ते असं. त्याच आठवड्यात मुग्धानं आईचं परतीचं तिकीट अलीकडे आणलं, सहलीच्या आधीचं. "आई, तुला हा प्रवास झेपणार नाही. मला तुझीच काळजी वाटते."

काळजी! मान खाली घालून रात्रभर सीटवर बसली असती, तर त्या बाईला युरोप झेपला असता. आडवं पडायला जागा मागितली, म्हणून झेपत नाही. हे कुठलं शहाणपण? आणि हे सांगणारी मुलगी कोणाच्या पाठीवर शिकली?

कुसुमताई भांडल्या नाहीत. बूट बॅगेत तळाशी भरले आणि मला म्हणाल्या, "तुम्ही जाजा विहीणबाई. पण झोपून जाजा."

विमानतळावर मुग्धानं त्यांच्यासाठी चाकांची खुर्ची सांगून ठेवली होती. पार्किंगमध्ये रोज फेऱ्या मारणाऱ्या बाईसाठी! माणूस खुर्ची ढकलत आला. कुसुमताईंनी लेकीकडे पाहून विचारलं, "ही जागा कोणाची?"

"तुझीच, आई."

"वा! ही बरी न मागता मिळाली."

मुग्धाचा चेहरा उतरला. कुसुमताईंनी खुर्चीत आपली पर्स ठेवली आणि त्या खुर्चीच्या बाजूनं ताठ चालत आत गेल्या. वळून पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी प्रसाद पुन्हा लॅपटॉप घेऊन बसला. "आई, आता तू एकटीच आहेस. लेडीज केबिनमध्ये घाबरशील. सीटच घेतो, ओके?"

मी म्हटलं, "झोपायचं तिकीट काढ. नाहीतर माझं काढूच नको."

"आई, आता तू पण?"

"हो. मी पण."

त्यानं काढलं. व्हिएन्नाच्या स्टेशनवर मला डब्यापर्यंत सोडलं, चार वेळा सूचना दिल्या आणि तो गेला. माझ्या बर्थवर एका उंच गोऱ्या बाईची बॅग होती. मी बोट दाखवून मराठीतच विचारलं, "ही जागा कोणाची?" तिनं सॉरीसारखं काहीतरी म्हणत बॅग उचलली. मी चप्पल काढली आणि पाय लांब केले. समोरचा बर्थ शेवटपर्यंत रिकामाच राहिला. तिथे बूट काढून कोण पहुडलं असतं, ते मला डोळे मिटूनही दिसत होतं.

व्हेनिसला उतरल्या उतरल्या अन्वीकडून नागपूरला फोन लावून घेतला. मुग्धा शेजारीच उभी होती. राहू दे म्हटलं, ऐकू दे.

"खालची भेटली का वरची?" कुसुमताईंनी पहिलं हेच विचारलं.

"खालची."

"झोप लागली?"

"कसली लागतेय! रात्रभर राग येत होता."

"येऊ द्या," त्या म्हणाल्या. "पण राग आडवं पडूनच करायचा बाप्पा. बसून पाठ दुखते."