वरच्या मजल्यावरची बाई

गडचिरोलीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला अभ्यासाला एक जुनी इंग्रजी कादंबरी होती. भीतीची कादंबरी म्हणून तिचं नाव मोठं. मी ती आमच्या सावली गावाहून कॉलेजला जाताना एस.टी.त वाचायची, मांडीवर डिक्शनरी ठेवून. धुक्यातला दगडी वाडा, तिथे कामाला आलेली एक तरुण मुलगी, आणि वरच्या मजल्यावरून अधूनमधून ऐकू येणारं कुणाचं तरी हसू. पुस्तक अर्ध्याच्या पुढे गेल्यावर कळतं की वर मालकाची बायको आहे. वेडी ठरवून तिला वर्षानुवर्षं कोंडून ठेवलंय.

तिथे मी पुस्तक मिटलं. बस वैनगंगेच्या पुलावर होती. मला भीती वाटली नव्हती. मला आत्याबाईची आठवण झाली होती.

आत्याबाई म्हणजे बाबांची धाकटी बहीण. मी शाळेतही जात नव्हते तेव्हाची गोष्ट. बाबा तिला दिवाळीसाठी आणायला नदीपलीकडे तिच्या सासरी गेले. ती दिसेना. विचारलं तर कुणी नीट सांगेना. शेवटी मागच्या खोलीची कडी त्यांनी स्वतःच काढली. आत, धानाच्या पोत्यांजवळ ती बसलेली होती. सासरचे म्हणाले, डोकं फिरलंय, लोकांना काय दाखवायचं. बाबांनी तिला उठवलं, आपल्या गळ्यातला दुपट्टा तिच्या खांद्यावर टाकला आणि तसेच घरी घेऊन आले.

तेव्हापासून ती आमच्याकडेच. एकटीच बोलते, मध्येच मोठ्याने हसते. वाईट दिवसही येत. ताट फेकायची, आईला शिव्या द्यायची. आई रडायची आणि दुसरं ताट वाढायची. गडचिरोलीच्या दवाखान्यातल्या गोळ्या सुरू झाल्यावर बरंच निवळलं. पण ती कायम ओसरीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर. पाहुणे येणार असले की शेजारपाजारचे सुचवायचे, तिला थोडा वेळ आत बसवा. बाबांचं उत्तर ठरलेलं. "काऊन? घर तिचंबी हाये."

लहानपणी मला त्याची लाज वाटायची. मैत्रिणी घरी आल्या की मी त्यांना बाहेरूनच वाटेला लावायची.

त्या आठवड्यात वर्गात सरांनी विचारलं, कादंबरीत सगळ्यात भीतीदायक काय वाटलं? मुलं म्हणाली, ते हसू. ती बाई. मी उभी राहिले.

"सर, मला त्या बाईची भीती नाही वाटली," मी म्हटलं. "घरातली सगळी माणसं खाली जेवत होती आणि वर एक जण कोंडलेली होती, त्याची वाटली."

सर म्हणाले, "पुढे बोल."

मग मी आत्याबाईचं सगळं सांगितलं. मागची खोली, कडी, दुपट्टा. हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते, आणि सांगता सांगता माझी मान वर होत गेली. आमच्या कुडाच्या घरात कुणाला कोंडलं नव्हतं.

घरी येईपर्यंत मात्र धास्ती वाटू लागली. बाबा अंगणात दोरी वळत होते. आत्याबाई बाजूला सुपात तांदूळ निवडत होती.

"बाबा, मी कॉलेजात आत्याबाईचं सांगतलं. सगळ्यांसमोर."

दोरी थांबली. "खरं खरं सांगतलं ना?"

"हो."

"मंग झालं."

आत्याबाईने मान वर केली. "माहं काऊन सांगतलं?"

मी तिला कादंबरीची गोष्ट सांगितली. ती हात न थांबवता ऐकत होती. त्या बाईला कोंडलं इथवर आले, तशी म्हणाली, "तिले भाऊ नोता का?"

"होता आत्याबाई. तो आला होता."

"मंग नेलं नाई तिले?"

"नाई नेलं."

तिने सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग बाबांकडे बोट करून म्हणाली, "हा आला, अन् यानं नेलं." बाबांनी मान खाली घालून परत दोरी वळायला घेतली. त्यांचे डोळे मला दिसले नाहीत.

आज मी तीच कादंबरी मुलांना शिकवते. माझं लग्न बुद्धविहारात झालं तेव्हा आत्याबाई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत, बाबांच्या शेजारी बसली होती. वंदना चालू असताना ती मध्येच हसली. सासरकडच्या एका बाईने हळूच विचारलं, "ह्या कोण?"

"माझी आत्या," मी म्हटलं. "चला, ओळख करून देते."