रिकामं खोड

मला लिहायची सवय नाही. जमेल असंही वाटत नाही. पण भिंगाची गोष्ट नीट ठाऊक असलेला मीच उरलोय, आणि तिच्यात माझाही हात आहे.

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात आम्ही दोघं तपासणीला शेजारी बसायचो. पांढऱ्या दिव्यापुढून बाटल्या सरकत जायच्या. तडा किंवा बुडबुडा दिसला की बाटली बाजूला. त्याची नजर अशी, की सगळे त्याला भिंगच म्हणत. साहेबांच्या चुका त्याला दिसायच्या, तेच साहेबांना खुपायचं. एकदा त्यांनी त्याच्यापुढे बाटली धरली.

"हा तडा दिसत नाही?"

"तडा नाहीच आहे, साहेब."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्हाला दिसतो ना?"

मला काही दिसत नव्हतं. मी म्हणालो, "दिसतो."

भिंगाला गोदामात खोकी बांधायला धाडलं, ते निवृत्तीपर्यंत. माझ्याशी बोलणं त्याने सोडलं नाही, हेच मला जास्त लागायचं.

पुढे त्याच्या मुलीने साहेबांच्याच मुलाशी लग्न केलं. साहेब व्याही झाले, पण तोंड तेच. नातवंडांना सांगायचे, "तुमच्या आबांची नजर अधू. मीच उठवलं त्यांना टेबलावरून."

हे कानावर आलं आणि भिंगाने कॅमेरा घेतला. सकाळभर बागेत, झाडाला नाक लावून. सालीच्या रंगाचं फुलपाखरू, काडी होऊन बसलेला किडा, वाळक्या पानात वाळकाच नाकतोडा. फोटो नातवंडांना जायचा, खाली एकच शब्द: शोधा. पोरं तो साहेबांपुढे धरायची. साहेब चष्मा वरखाली करून म्हणायचे, "दिसलं की!" आणि बोट भलतीकडेच. नात सगळं आबांना फोनवर सांगायची.

"थांब, अजून पिकू दे," भिंग मला म्हणायचा.

नातवाच्या वाढदिवसाला साहेबांकडे सगळे जमले. भिंगाने मलाही ओढून नेलं. त्याने मोठा छापून घेतलेला फोटो काढला. झाडाचं खोड.

"व्याहीबुवा, आधी तुम्ही."

साहेबांनी बराच वेळ पाहिलं. "ही काय पाल! शेपूट इकडे."

"डोळा दिसतो?"

"चांगला वटारलाय!"

"आबा, मला नाही दिसत," नात रडवेली झाली.

"नाहीच आहे, बाळ. मी नुसतं खोडच टिपलंय."

आधी नातू हसला, मग सगळं घर. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी फोटो हिसकून माझ्यापुढे धरला.

"तुम्ही सांगा. तुम्हाला दिसते ना?"

तोच आवाज. भिंग माझ्याकडे पाहत नव्हता. केकची सुरी पुसत होता, सावकाश. मला कशाला आणलंय ते तेव्हा कळलं.

"नाही दिसत, साहेब," मी म्हणालो. "तेव्हा बाटलीवर तडाही दिसला नव्हता."

नातवाने केक कापल्यावर भिंगाने तुकडे केले आणि पहिला माझ्या बशीत ठेवला. सगळ्यांत लहान.