कावळ्याचा डोळा कोणी कोरला

वर्ना शेडमध्ये चित्र काढायला बसली की हार्वे तिच्याकडे पाठ करून उभा राहायचा. चाळीस वर्षांच्या संसारात हे असलं त्यानं कधी केलं नव्हतं.

हार्वे कोरत होता तो खांब, कुळाची चिन्हं असलेला उंच ओंडका, वर्नाच्या कावळा कुळाचा. आपला खांब आपण कोरायचा नसतो, समोरच्या कुळाला बोलवायचं असतं, ही कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या हैदा लोकांची रीत. म्हणून काम तिच्या नवऱ्याकडे, गरुड कुळातल्या हार्वेकडे गेलं. आणि हार्वे कोरतानाचं मोठं चित्र वर्नानं रंगवायचं, खांब उभारल्यावरच्या मेजवानीत सगळ्यांसमोर ठेवायला, असं तिच्या भावकीनं ठरवलं. सकाळभर शाळेच्या स्वयंपाकघरात सूप ढवळायचं आणि दुपारी शेडमध्ये ब्रश धरायचा, असं तिचं चाललेलं.

"अरे, जरा इकडे वळ की! हात दिसत नाहीत."

"चाळीस वर्षं बघतेयस. पाठ नाहीत का झाले?"

एके दिवशी शाळा लवकर सुटली आणि ती सकाळीच शेडमध्ये शिरली. हार्वे खोक्यावर बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांत दाबलेले, तरी थरथरत होते. आणि खांबावर वाकून, वाकसानं कावळ्याचा डोळा तासत होती त्याची भाची जोलीन. डोळा म्हणजे सगळ्यात अवघड काम. गाव आधी तोच बघतं.

"कधीपासून?" वर्नानं विचारलं.

"पानगळीपासून."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगितलं असतं तर तू भावकीत सांगितलं असतंस. काम काढून घेतलं असतं माझ्याकडून."

खरं होतं ते, म्हणून तिला जास्तच झोंबलं.

"चित्रात वाकस माझ्या हातात दे," हार्वे म्हणाला. "शेवटचा खांब आहे गं माझा."

"देऊन टाक मामी," जोलीन मान वर न करता म्हणाली. "मामानंच शिकवलंय. त्याचा हात काय नि माझा काय!" म्हणाली खरी, पण ढलप्या मात्र रागानं उडत होत्या.

वर्ना काही दूधखुळी नव्हती. मेजवानीत जे बोललं जातं त्याचे पाहुणे साक्षीदार असतात, लक्षात ठेवण्यासाठीच त्यांना भेटी देतात. तिथं खोटं बोललं की पुढच्या पिढ्यांना तेच खरं. पण नवऱ्याचे डोळे भरलेले तिनं कधी पाहिले नव्हते. तिनं रंगवला त्याचा हात, कावळ्याच्या डोळ्यावर, घट्ट, न थरथरता. इतका चांगला हात तिनं आयुष्यात काढला नव्हता, आणि त्या चित्राचा तिला मनस्वी राग आला.

खांब उभा राहिला. हॉलमध्ये सामन माशावर आणि हेरिंग माशाच्या अंड्यांवर सगळ्यांनी ताव मारला. मग वर्नाचा म्हातारा मामा उठला. "डोळा कोणी कोरला? हार्वेनं! बघा ना, चित्रच सांगतंय!" टाळ्या पडल्या. हार्वेनं हात टेबलाखाली नेले.

यजमान कावळे, त्यामुळे भेटी वाटायला वर्नाच. गरुडांच्या टेबलांवरून एकेकाला ब्लँकेट देत ती जोलीनपाशी आली. जोलीनच्या बोटांना अजून चिकटपट्ट्या होत्या. वर्नाचा म्हातारा मामा शेजारीच उभा, ऐकायला.

"पाहिलंस ना गं?" वर्नाला विचारावंच लागलं. "लक्षात ठेवशील?"

जोलीननं ब्लँकेट दोन्ही हातांत घेतलं.

"हार्वेमामानं कोरला," ती मोठ्यानं म्हणाली. "मी पाहिलं."