सिग्नलवर बंद पडणारी गाडी

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. सारखी बंद पडणारी एक मोटरसायकल पोर्चमध्ये उभी करा आणि तिच्याबद्दल दोन माणसांचं मत विचारा. बाकीचं आपोआप साठत जातं!

गाडी माझ्या नवऱ्याची, विवेकची. जुनी, दोन सिलिंडरची. विवेकला जाऊन आठ महिने झाले होते. त्याचे मित्र ती अधूनमधून फिरवून आणायचे. धावताना ठीक असायची. पण सिग्नलला ॲक्सिलरेटर सोडला की थरथरायची, दोन आचके द्यायची आणि बंद. भिवापूरचे लांजेवारकाका तिचे सुटे भाग काढायला ती न्यायला तयार होते. मी महिन्याची मुदत ठरवली. नीट झाली तर ठेवायची, नाही तर द्यायची.

हे कळताच दर रविवारी धरमपेठेतल्या आमच्या पोर्चमध्ये त्याचे दोन मित्र हजर होऊ लागले. बँकेतले प्रमोदभाऊ, आणि फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले वानखेडे सर.

*

सर म्हणाले, "आधी कोणता सिलिंडर काम करत नाही ते पाहू. गाडी सुरू करून दोन्ही सायलेन्सरवर थोडं थोडं पाणी टाका. जिथे चर्र होणार नाही, तो थंड. म्हणजे तोच आजारी."

मी पाणी आणायला आत वळले.

"वहिनी, राहू द्या! एवढ्यासाठी पानी काहून पाहिजे?" असं म्हणत प्रमोदभाऊंनी सायलेन्सरला बोट लावलं.

पुढची दोन मिनिटं ते बोट नळाखाली धरून उभे होते. सरांनी वहीत शांतपणे लिहिलं, "उजवा चालू आहे."

*

म्हणजे बिघाड डाव्यात. सर सीटवर बसून सांगायचे, "कार्ब्युरेटरचा डावा स्क्रू अर्धा फेरा उघड." प्रमोदभाऊ हेडलाइटसमोर उकिडवे बसून फिरवायचे.

तीन रविवार गेले. गाडी आणखी बिघडली. शेवटी मी चहा घेऊन आले तेव्हा दिसलं, समोर बसलेले प्रमोदभाऊ आपल्या डाव्या हाताचा स्क्रू फिरवत होते. म्हणजे गाडीचा उजवा, चांगला चाललेला!

सर डोकं धरून खाली उतरले.

"तुमी रागावून काहून राहिले सर?" प्रमोदभाऊ म्हणाले. "आता दोन्ही सारखेच खराब आहेत. बॅलन्स तं झालं ना!"

*

शेजारच्या काकू या सगळ्याला कंटाळल्या होत्या. एका सकाळी भिंतीवरून म्हणाल्या, "अवं, चालू ठेव नाही तं बंद ठेव. तिचे आचके ऐकून मलेच धाप लागून राहिली!"

*

शेवटी इतवारीतल्या बब्बूभाई मेकॅनिकला आणलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "साहेबाच्या वेळी उभी असताना कशी वाजत होती?"

प्रमोदभाऊंनी तोंडाने वाजवून दाखवलं, "भुड भुड भुड."

सर म्हणाले, "छे! डुग्गु-डुग्गु, मधे गॅप."

मला विचारलं. मला तर ती सारखी वर-खाली होणारी आठवत होती. लाजत लाजत मीही वाजवून दाखवलं.

बब्बूभाईंनी पाना खाली ठेवला. "साहेबाकडे गाड्या तीन होत्या का?"

*

तरी त्यांनी मनापासून काम केलं. दोन्ही कार्ब्युरेटर खोलून धुतले, चिरलेला रबर बदलला, प्लग नवे टाकले. गाडी सुरू केली, हात सोडला. दहा सेकंद. वीस सेकंद. गाडी चालू! आम्ही टाळ्या वाजवल्या.

दोन आचके. बंद.

"टाळ्या कोणं सुरू केल्या?" प्रमोदभाऊ ओरडले.

बब्बूभाई हात पुसत म्हणाले, "माझ्या हिशोबानं ही गाडी एकदम ठीक आहे. काहून बंद पडते, ते मले समजून नाही राहिलं."

*

मुदत संपली. लांजेवारकाका टेम्पो घेऊन आले. न्यायच्या आधी एकदा सीटवर बसले, किक मारली, हात सोडला. दोन आचके, बंद. परत मारली. परत तेच. काका थोडा वेळ हँडलकडे पाहत बसले.

"ताई, सायेब सिग्नलले थांबले का हात कुठी ठेवत होते?"

एकोणीस वर्षं मी मागे बसले होते. "डावा मागे. माझ्या गुडघ्यावर."

प्रमोदभाऊ गेटकडे पाहू लागले.

"अन् उजवा?"

"ॲक्सिलरेटरवर. जराजरा पिळत राहायचा. मी म्हणायचेसुद्धा, उगाच किती पेट्रोल जाळतोस!"

"दर वेळी पिळत?"

"दर वेळी."

"कधी सोडलाच नाही?"

मी आठवून पाहिलं. "नाही."

सरांनी वही मिटली. काका उतरले, किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

"मंग ही गाडी बिघडली कवा, ताई?"

टेम्पो रिकामाच भिवापूरला गेला.