दारी आलेला आवाज

संशय आल्यानंतरही मी तो फोन उचलत राहिलो, ही गोष्ट मी माझ्या थोरल्या बहिणीपासून, अक्कापासून, कित्येक महिने लपवली. मला फसवणूक ओळखता आली नाही असे म्हटले असते, तर लोकांनी हळहळ तरी व्यक्त केली असती. पण मी ती ओळखली होती.

पत्नी गेल्यापासून साताऱ्यात मी एकटाच राहतो. सकाळी दत्तमहाराजांची पूजा, मग वर्तमानपत्र, आणि त्यानंतर दिवसभर घरात कोणाचा शब्द नाही. अशात एका मुलीचा फोन आला. बँकेतून बोलते म्हणाली, केवायसी अपुरी आहे म्हणाली, आणि फोन ठेवताना तिने विचारले, "काका, जेवलात ना?" पुढे रोज फोन येऊ लागला. बँक इतक्या मायेने चौकशी करत नाही, हे नोकरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला कळत नव्हते असे नाही. परंतु दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, महाराज कोणत्या रूपाने येतील सांगता येत नाही, अशी आमच्या घरची शिकवण. त्या शिकवणीआड मी माझे एकटेपण झाकले.

तिने माझे आधार कार्ड मागितले, मी फोटो पाठवला. मग वारसाचे हवे म्हणाली. माझी वारस अक्का. ती तासगावला असते, साधा फोनही बाळगत नाही. म्हणून तिच्या आधारला आणि खात्याला माझाच नंबर जोडलेला, आणि कागदपत्रेही विश्वासाने माझ्याकडे. तिला न विचारता मी तिच्या कार्डाचाही फोटो पाठवला.

एका गुरुवारी नैवेद्य दाखवून उठलो, तोच त्या मुलीचा फोन आला. बोलत असतानाच ओटीपीचा संदेश आला. तो अक्काच्या नावाने केलेल्या कर्जाच्या अर्जासाठी होता. कोणालाही सांगू नये, असेही त्यात स्पष्ट लिहिले होते. "काका, वाचा ना पटकन," ती म्हणाली. वाचला तर अक्काच्या नावावर कर्ज चढणार. न वाचला तर उद्यापासून हा आवाज येणार नाही. सांगताना लाज वाटते, पण मला अधिक भय दुसऱ्या गोष्टीचे वाटले. मी पहिले आकडे उच्चारलेही.

तेवढ्यात मध्येच दुसरा फोन आला. तो बंद करायला गेलो, आणि घाईत भलतीकडे बोट लागून तोच उचलला गेला.

"शिवा, पाटणास्नं बोलतीया. पोचलास न्हवं?" एक म्हातारी ओरडून विचारत होती.

"आजी, नंबर चुकला."

"चुकला व्हय? आन् तुजा आवाज का रं असा? रडतूयास का काय?"

मी खरोखरच रडत होतो. ते तिने सांगेपर्यंत मला कळले नव्हते.

"कुनी हाय का न्हाई तुला?"

"बहीण आहे. तासगावला."

"मग तिच्याकडं रड की गड्या! माज्याकडं काय रडतूयास? हितं शिवाचा पत्त्या न्हाई!" आणि तिने फोन ठेवला.

ताटकळत राहिलेला त्या मुलीचा फोन मी तोडला. त्यानंतर तिचे फोन पुन्हापुन्हा आले. मी उचलले नाहीत. बँकेत स्वतः जाऊन दोन्ही खात्यांचे व्यवहार थांबवून घेतले, सायबर पोलिसांकडे तक्रार दिली, दोघांच्याही आधारचे बायोमेट्रिक लॉक करून घेतले. कर्ज झाले नव्हते. मात्र अक्काला सांगण्याचे धैर्य झाले नाही. दर गुरुवारी महाराजांसमोर हात जोडताना मान वर होत नसे. पाटणच्या त्या आजींचा नंबर आजही फोनमध्ये आहे. त्या कोण होत्या, हे पडताळून पाहावेसे मला वाटलेले नाही. त्या क्षणी मला अडवले गेले, एवढ्याचीच कृतज्ञता पुरेशी आहे.

शरण जाणे म्हणजे येईल त्या आवाजापुढे मान तुकवणे, असे मी मानत आलो होतो. आपली गरज आपल्या माणसापुढे उघडी करणे त्याहून फार अवघड आहे, आणि कदाचित तेच खरे शरण जाणे असावे. शेवटी एका सकाळी एसटीने तासगावला गेलो. अक्का शेडवर बेदाणा निवडत होती.

"या पाव्हणं! बहीण जित्ती हाय का बघायला आला जनू?"

मी तिच्या समोर खाली बसलो.

"अक्का, तुझ्या आधारचा फोटो मी एका अनोळखी मुलीला दिला. ती लबाड आहे, हे मला कळत होतं. तरी दिला, कारण माझ्याशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि तुझ्याकडे यायची मला लाज वाटत होती. माझं चुकलं, अक्का. मला माफ कर."